जिमीचा पत्ता

जानेवारी लागला की अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वर्षभराच्या कामाची चाळणी सुरू होते. पुलित्झर पुरस्कारासाठी पत्रकारितेच्या प्रवेशिका पाठवण्याची मुदत महिनाअखेरीस संपते. एका प्रवेशिकेचं शुल्क ७५ डॉलर. बातम्या छापलेल्या असतात शेकडो, पाठवता येतात मोजक्या. त्यांना संपादकाचं पत्र जोडायचं आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे सादर करायच्या. याच महिन्यात, ६ जानेवारीला, महाराष्ट्रात पत्रकार दिन असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली त्या तारखेला ‘दर्पण’ काढलं. त्या निमित्ताने तालुक्या-तालुक्यांतल्या पत्रकार संघांचे पुरस्कार जाहीर होतात आणि तिथेही कात्रणांची फाइल तयार करावी लागते.

काय पाठवायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून सोडवला जातो. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी कशाने येईल, कोणता मजकूर भारदस्त दिसेल, गेल्या वर्षी कुणाला मिळालं होतं, असा हिशेब सुरू होतो. माझ्या मते कसोटी एकच असावी. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्या दारात उभं राहून जी बातमी वाचून दाखवता येईल, तीच पाठवावी. बाकीची कितीही सुंदर असो, फाइलच्या बाहेर ठेवावी.

हे मत हवेतून आलेलं नाही. पुलित्झरच्या इतिहासातली सर्वांत मोठी नामुष्की याच कसोटीवर टाळता आली असती.

२८ सप्टेंबर १९८०. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पहिल्या पानावर जॅनेट कुक या तरुण बातमीदाराची ‘जिमीज वर्ल्ड’ ही कहाणी आली. आठ वर्षांचा जिमी हेरॉइनच्या आहारी गेला आहे, घरातलाच माणूस त्याच्या दंडात सुई टोचतो, असं तिने लिहिलं होतं. शहर हादरलं. पोलिसांनी मुलाचा शोध सुरू केला, गल्ल्या पालथ्या घातल्या. जिमी सापडला नाही. सापडणार कुठून? तो नव्हताच.

शंका नंतर आल्या असं म्हणायची सोय नाही. त्या कचेरीतच होत्या. एक सहकारी तिच्यासोबत त्या वस्तीत मोटारीने फिरला होता. जिमीचं घर तिला दाखवता येईना, आणि हिला या भागाची माहितीच नाही हे त्याच्या लक्षात आलं. बातमीदारांत कुजबुज होती, वरिष्ठांपर्यंत ती पोचलीही होती. तरी जानेवारी आला आणि तीच कहाणी पुलित्झरला गेली. पुरस्कार मंडळाने ती स्थानिक बातमीच्या गटातून उचलून फीचरच्या गटात नेली आणि १३ एप्रिल १९८१ रोजी पुरस्कार जाहीर झाला. विजेत्यांचा परिचय छापून येताच तिची पहिली नोकरी जिथे झाली त्या टोलेडो गावच्या वृत्तपत्रातल्या लोकांना तिच्या शिक्षणाचे तपशील खटकले. चौकशी तिथून सुरू झाली. दोन दिवसांत तिने सगळं कबूल केलं आणि ‘पोस्ट’ने पुरस्कार परत केला. तो नंतर ‘व्हिलेज व्हॉइस’च्या टेरेसा कार्पेंटर यांना मिळाला.

‘पोस्ट’चे लोकपाल बिल ग्रीन यांनी या सगळ्याचा सविस्तर अहवाल लिहिला आणि तो त्याच वृत्तपत्राने छापला. पुरस्कारांमागची धावपळ विषारी आहे, आपलं काम वाचकाला माहिती देणं हे आहे, आणि ‘पोस्ट’ने स्पर्धांत उतरायचंच की नाही याचा विचार करावा, असं त्यांनी त्यात बजावलं. मला त्या प्रकरणात सर्वांत जास्त एकच गोष्ट बोचते. छापताना घाई असते, स्पर्धा असते, रविवारचं पान रिकामं दिसत असतं. पण पुरस्काराची निवड चार महिन्यांनी होते. तोवर पोलिसांचा शोध फसलेला असतो, सहकाऱ्यांची शंका कानावर आलेली असते. प्रवेशिका भरणं म्हणजे बातमी पुन्हा तपासायची मिळालेली दुसरी संधी. ‘जिमीचा पत्ता सांग’ एवढं एक वाक्य कुणी ठामपणे म्हटलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

आता त्याच वृत्तपत्राची दुसरी प्रवेशिका बघा, आठ वर्षं आधीची. १७ जून १९७२ रोजी वॉटरगेट इमारतीत घुसखोर पकडले गेले. ‘पोस्ट’चे बातमीदार बॉब वुडवर्ड आणि कार्ल बर्नस्टीन धागा सोडायला तयार नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी छापलं की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निवडणूक निधीतला २५,००० डॉलरचा धनादेश एका घुसखोराच्या मायामीतल्या बँक खात्यात जमा झाला आहे. धनादेशावर नाव होतं, खात्याला क्रमांक होता, बँकेला पत्ता होता. कुणालाही जाऊन पडताळता आलं असतं. तरी देशातली बहुतेक वृत्तपत्रं गप्प राहिली. नोव्हेंबरात निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. ‘पोस्ट’ एकटं पडलं होतं, व्हाइट हाउस रोज त्याला खोटं ठरवत होतं. अशा वेळी, १९७३ च्या जानेवारीत, त्यांनी तेच काम पुलित्झरला पाठवलं. परीक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली नव्हती. मार्चमध्ये न्यायाधीश सिरिका यांनी मॅकॉर्ड या आरोपीचं पत्र न्यायालयात वाचून दाखवलं, प्रकरण फुटलं आणि मंडळाने निर्णय फिरवला. लोकसेवेचं सुवर्णपदक ‘पोस्ट’ला मिळालं.

१९८० साली जिमीची कहाणी ज्या शहर विभागाने छापली, त्याचे प्रमुख तेच बॉब वुडवर्ड होते. तेच वृत्तपत्र, तोच दर्जा, त्यातलाच एक माणूस. फरक फक्त पुराव्याचा. एका कामात प्रत्येक ओळीला पत्ता होता, दुसऱ्यात मुख्य पात्रालाच नव्हता.

हा धडा सगळ्यांनी शिकून घेतला असेल असं वाटतं ना? तसं झालेलं नाही.

जर्मनीच्या ‘श्पीगल’ साप्ताहिकाचा क्लास रेलोटियस हा त्या देशातला सर्वांत जास्त पुरस्कार मिळवणाऱ्या बातमीदारांपैकी एक होता. २०१७ साली त्याने मिनेसोटा राज्यातल्या फर्गस फॉल्स या छोट्या गावावर मोठा लेख लिहिला. ट्रम्प यांना मत देणारी अमेरिका आतून कशी असते, हे जर्मन वाचकाला दाखवायचं होतं. गावाच्या वेशीवर मेक्सिकनांना मज्जाव करणारी पाटी आहे, असंही त्यात होतं. ती पाटी गावात कुणीच पाहिलेली नव्हती. जर्मन वाचकाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, जर्मन परीक्षकांनाही नव्हतं. फर्गस फॉल्सच्या रहिवाशांना मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी एक एक खोटी ओळ वेचून काढली. पण त्यांना विचारलं कुणी? डिसेंबर २०१८ मध्ये रेलोटियसला आणखी एक मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याच महिन्यात ‘श्पीगल’ला जाहीर कबुली द्यावी लागली. ते बिंगही ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेखात त्याच्यासोबत काम केलेल्या हुआन मोरेनो या सहकाऱ्याने, स्वतःची नोकरी पणाला लावून, फोडलं.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ची ‘कॅलिफेट’ ही ध्वनिमालिका २०१८ ची. इसिसमध्ये आपण माणसं मारली असं सांगणारा कॅनडातला एक तरुण तिच्या केंद्रस्थानी होता. मालिकेला पीबडी पुरस्कार मिळाला. २०२० साली कॅनडाच्या पोलिसांनी त्या तरुणाला खोटा बनाव रचल्याच्या आरोपाखाली पकडलं. वृत्तपत्राने पुन्हा तपासणी केली, मालिका आपल्या निकषांवर उतरत नाही असं मान्य केलं आणि पीबडी परत केला.

आणि जिमीच्या कितीतरी आधी, १९३२ साली, याच वृत्तपत्राचे मॉस्कोतले वार्ताहर वॉल्टर ड्युरांटी यांना पुलित्झर मिळालं, ते स्टॅलिनच्या रशियावर १९३१ साली लिहिलेल्या लेखांसाठी. पुढच्या वर्षी युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली आणि ड्युरांटी यांनी तो दुष्काळ नाकारला. पुरस्कार काढून घ्यावा ही मागणी २००३ साली मंडळाने फेटाळली. ज्यांच्याविषयी ते लिहीत होते, त्या शेतकऱ्यांना न्यूयॉर्कचं वृत्तपत्र वाचायला मिळत नव्हतं. मिळालं असतं तरी उत्तर देण्याची मुभा नव्हती.

या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. वाचक एकीकडे, परीक्षक एकीकडे आणि ज्यांची कहाणी ते तिसरीकडेच. लेखकाला जाब विचारू शकणारा माणूस जितका दूर, तितका लेख चकचकीत.

आता उलट बाजू. आयोवा राज्यातल्या स्टॉर्म लेक गावातून ‘स्टॉर्म लेक टाइम्स’ आठवड्यातून दोनदा निघायचं, खप तीन हजारांच्या आसपास. जॉन कलन यांनी १९९० साली ते काढलं. भाऊ आर्ट कलन संपादक, आर्ट यांचा मुलगा बातमीदार. शेतांतलं नायट्रेट नदीत उतरतं आणि ते काढून टाकायचा खर्च आमच्यावर पडतो, म्हणून २०१५ साली डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांवर दावा लावला. त्यातली एक काउंटी स्टॉर्म लेकची. काउंटीच्या वकिलांची फी कुणी भरत होतं, पण कोण ते सांगायला कुणी तयार नव्हतं. आर्ट कलन यांनी अग्रलेखांतून तेच विचारायचा धोशा लावला आणि पैसा शेतीव्यवसायातल्या बड्या हितसंबंधांकडून येत असल्याचं उघड झालं. आपल्याकडे साखर कारखान्याच्या तालुक्यातल्या साप्ताहिकाने मळीमिश्रित पाण्याचा आणि कारखान्याच्या वकिलाच्या फीचा हिशेब मागावा, तसं हे काम. वर्गणीदार तेच, जाहिरातदार तेच, आणि ज्यांच्यावर लिहिलं तेही किराणा दुकानात रोज भेटणारे. एक शब्द चुकला असता तर दुसऱ्या दिवशी तोंडावर ऐकावं लागलं असतं. २०१७ साली अग्रलेखांसाठी त्यांना पुलित्झर मिळालं.

त्याआधी १९७९ साली कॅलिफोर्नियातल्या ‘पॉइंट रेयेस लाइट’ या साप्ताहिकाला लोकसेवेचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्याचाही खप तीन हजारांच्या घरातला. व्यसनमुक्तीच्या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे हिंसक पंथ बनलेल्या सिनॅनॉन या संस्थेविरुद्ध त्यांनी लिहिलं. तिच्या विरोधातल्या एका वकिलाच्या टपालपेटीत जिवंत विषारी साप सोडण्यात आला होता. त्या संस्थेच्या शेजारी राहून हे लिहायचं होतं. म्हणून त्या कात्रणांना वजन आहे.

कॅलिफोर्नियातल्याच टॉरन्सच्या ‘डेली ब्रीझ’चं उदाहरण तर प्रत्येक बातमीदाराने लक्षात ठेवावं असं आहे. रॉब कुझ्निया आणि रेबेका किमिच यांनी एका गरीब शाळा-जिल्ह्याचे हिशेब उघडले. तिथल्या अधीक्षकाचं वर्षाचं एकूण मानधन ६,६३,००० डॉलरच्या वर निघालं. घर घेण्यासाठी जिल्ह्याने त्याला २ टक्के व्याजाने ९,१०,००० डॉलरचं कर्ज दिलेलं निघालं. करारनामा, आकडे, सह्या, सगळं कागदावर. अधीक्षकाची नोकरी गेली. २०१५ साली या कामाला स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर मिळालं, तेव्हा कुझ्निया पत्रकारितेत नव्हते. बातमीदाराच्या पगारात घरभाडं भागेना म्हणून त्यांनी जनसंपर्काची नोकरी धरली होती. ज्याने जनतेचा पैसा वाचवला त्याला त्या धंद्यात राहणं परवडलं नाही, ही त्या वर्षीची सर्वांत मोठी बातमी होती. वृत्तपत्रांच्या मालकांनी प्रवेशिकेचे ७५ डॉलर भरताना त्याच टेबलावर बातमीदारांचं पगारपत्रकही ठेवावं.

पुलित्झरच्या नियमांत एक कलम आहे आणि ते मला साऱ्या पुरस्कारव्यवस्थेतलं सर्वांत शहाणं वाटतं. बातमीच्या खरेपणावर किंवा निष्पक्षतेवर कुणी गंभीर आक्षेप घेतला असेल, दुरुस्ती छापावी लागली असेल, तर ते सगळं, वृत्तपत्राच्या उत्तरासह, प्रवेशिकेला जोडायचं. म्हणजे फाइलमध्ये कौतुकाबरोबर तक्रारही आली पाहिजे. आपल्याकडच्या प्रत्येक पत्रकार संघाने हे कलम यंदापासून उचलावं. बातमीसोबत दोन गोष्टी मागाव्यात: छापलेला खुलासा आणि ज्यांच्यावर बातमी आहे त्यांचं म्हणणं. ज्याच्याकडे त्या नाहीत, त्याने कारण लिहून द्यावं. फाइल जरा जाड होईल, पण परीक्षकांना खरं काम ओळखता येईल.

दुसरी मागणी नावांची. प्रवेशिकेवर कुणाची नावं जातात, यात प्रामाणिकपणा दिसतो. ‘डेली ब्रीझ’च्या पुरस्कारावर दोघा बातमीदारांसोबत फ्रँक सुरासी या संपादकांचंही नाव आहे. १९३७ साली गोविंद बिहारी लाल पुलित्झर मिळवणारे पहिले भारतीय ठरले. हार्वर्ड विद्यापीठाच्या त्रिशताब्दीतल्या विज्ञानवार्तांसाठी ते पाच वेगवेगळ्या वृत्तसंस्थांच्या आणि वृत्तपत्रांच्या पाच बातमीदारांना मिळून दिलं गेलं. २०२२ साली भारतातल्या करोनाच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या चौघांना गौरवलं गेलं: अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे आणि आदल्या वर्षी अफगाणिस्तानात मारले गेलेले दानिश सिद्दिकी. २०२१ च्या त्या चिता ज्यांनी दिल्लीत प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांना ही छायाचित्रं खोटी म्हणता आली नाहीत. आपल्याकडे मात्र जिल्ह्याच्या ठिकाणाहून फोनवर माहिती देणारा वार्ताहर, पाड्यावर घेऊन जाणारा स्थानिक कार्यकर्ता, रात्री दोन वाजता आकडे तपासणारा उपसंपादक, यांची नावं प्रवेशिकेत बहुतेक वेळा येत नाहीत. ज्याच्या पायपिटीवर बातमी उभी राहिली, त्याचं नाव गाळून घेतलेलं मानचिन्ह भिंतीवर लावू नये.

तिसरी गोष्ट, कुणाकडे पाठवायचं. पुरस्काराचा प्रायोजक जर तोच कारखानदार, तोच आमदार, तेच सरकार असेल ज्याच्या कारभाराची झडती घेणं हे तुमचं काम आहे, तर फाइल कपाटातच राहू द्या. पी. साईनाथ यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवर वर्षानुवर्षं लिहिलं. २००७ साली मॅगसेसे स्वीकारणाऱ्या या पत्रकाराने सरकारी पुरस्कार मात्र घ्यायचे नाहीत, ही भूमिका धरली. ज्यांच्यावर वार्तांकन करायचं त्यांच्याकडून गौरव घ्यायचा नाही, इतकी ती साधी आहे. ती प्रत्येकाला परवडेल असं नाही, हे मी जाणतो. लहान गावात एखाद्या पुरस्कारानेच बातमीदाराला थोडं संरक्षण मिळतं, पोलीस ठाण्यात खुर्ची मिळते, घरच्यांना त्याचं काम कळतं. म्हणूनच तो पुरस्कार स्वच्छ हातातून येणं जास्त गरजेचं आहे.

मग निवडायचं काय? वर्षभराच्या बातम्या समोर ठेवा. ज्यातला माणूस उद्या सापडणार नाही, ती बाजूला काढा. ज्यात माणसाचं नाव गुप्त ठेवावंच लागलं, तिथे संपादकाने त्याला स्वतः भेटून खात्री केली होती का, ते विचारा. नसेल तर तीही काढा. जिची भाषा पुराव्यापेक्षा मोठी झाली आहे, ती काढा. उरलेल्यांत बहुधा एखादी रुक्ष बातमी सापडेल: नळाला आलेलं गढूळ पाणी, शिष्यवृत्तीचे अडकलेले पैसे, पंचायतीच्या टेंडरमधला एक आकडा. तिच्यामुळे कुणाचं तरी काम झालेलं असेल किंवा कुणाला तरी राग आलेला असेल. तीच पाठवा. हरलात तरी ती हरलेली बातमी ठरत नाही.

शेवटची विनंती वाचकांना, इथल्या मराठी वाचकांना आणि तिकडच्यांनाही. पुलित्झरची प्रवेशिका कोणीही पाठवू शकतो, ती संपादकानेच पाठवली पाहिजे असं नाही. तुमच्या गावच्या, तुमच्या काउंटीच्या वृत्तपत्रातली कोणती बातमी गेल्या वर्षी तुमच्या उपयोगी पडली, ते आठवा आणि संपादकाला चार ओळी लिहून कळवा. बातमीदाराचं नाव घालून कळवा. ती बातमी खरी होती, आम्ही इथेच राहतो आणि आम्हाला ठाऊक आहे, एवढं लिहिलंत तरी पुरे. कोणत्याही प्रवेशिकेला याहून मोठी शिफारस नाही. आणि अंकाची वर्गणी संपली असेल तर या आठवड्यात भरा.